मिरजेचं गाठोडं

लॉजच्या खोलीत शिरल्यावर मी पंखा लावत नाही, पाणी पीत नाही, चप्पलसुद्धा काढत नाही. पिशवी बाथरूमच्या दारावरच्या खिळ्याला अडकवते आणि आधी गादीचा कोपरा उचलते. मोबाइलचा टॉर्च लावून शिवणीच्या कडेकडेने बघत जाते. शाईच्या पेनाचं टोक टेकवावं तसे काळे ठिपके दिसले, की ती खोली नको. ठिपके नसले तर पलंगाच्या डोक्याकडची फळी, भिंतीतली खिळ्यांची भोकं, स्विचबोर्डाची फट, खुर्चीच्या बैठकीची खालची बाजू. सगळ्यात शेवटी नाक. ढेकणांच्या खोलीला एक वास असतो, कोथिंबिरीची जुडी पिशवीत विसरून राहिली की येतो तसा, ओलसर आणि गोडूस. हे होईपर्यंत बरोबरचं माणूस दारात ताटकळतं आणि मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. त्या आठ्या रात्री मला चावत नाहीत.

ही खोड मुळातली नाही, ती फलटणने लावली. मी साताऱ्यात शाळेत शिकवते, आणि शिक्षक म्हटला की तो कुठेही पथारी टाकून झोपतो अशी सरकारची समजूत आहे. निवडणुकीच्या कामाला फलटणला पाठवलं तेव्हा आम्हा बायकांची सोय एका लॉजात केली होती. पलंग नक्षीदार, वर गुलाबी चादर. मी खूश. सकाळी उठले तर मानेपासून मनगटापर्यंत माळ ओवल्यासारखे चट्टे. दिवसभर एका हाताने लोकांच्या बोटांना शाई लावत होते आणि दुसऱ्या हाताने स्वतःला खाजवत होते. रांगेतल्या एका म्हातारबाबांनी काळजीने विचारलं, "बाई, गोवर आलाय का तुमाला?" पलंगाच्या त्या नक्षीच्या पाकळीपाकळीत ढेकणांचा संसार होता. तेव्हापासून नक्षीदार पलंग दिसला की मी दारातूनच परत फिरते. सांगलीला पेपर तपासायला गेले तर फरशीवर सतरंजी टाकते, भोवती मच्छरदाणी खोचून घेते, कारण तिथे संध्याकाळी नदीकडून जे डास येतात ते कॉइलच्या धुराला उदबत्ती समजतात.

आणि या सगळ्याचा मला आता कंटाळा आला आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईला कधीतरी वाटतं, की नुसतं जाऊन आडवं व्हावं. गादी न उलटता, भिंती न वाचता. पण मागच्या मे महिन्यात मी जितक्या गाद्या उलटल्या तितक्या आयुष्यात उलटल्या नसतील, कारण प्रश्न माझ्या कातडीचा नव्हता. आईच्या पायाचा होता.

आई कडेगावजवळच्या आमच्या गावात राहते. तिचा उजवा गुडघा गेली कित्येक वर्षं झिजत होता. आधी ती शेतात जायची थांबली, मग देवळात, मग तर न्हाणीघराच्या पायरीपाशी उभी राहून आधी तिच्याकडे बघायची, मग देवाचं नाव घ्यायची. मिरजेच्या दवाखान्यात गुडघा बदलायचा असं ठरायला आमची वर्षं गेली. तारीख मिळाली ती नेमकी माझ्या सुट्टीत. भाऊ फौजेत आहे, त्याची रजाही त्याच आठवड्याला धरून मंजूर झाली. तिला उचलायला, बसवायला एक दणकट माणूस हवा होता. सगळं इतकं जुळून आलं, की मला भीतीच वाटायला लागली.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. पायावर ओरखडा, फोड, पुरळ काहीही नको. कातडी स्वच्छ पाहिजे. बारीकशी जखम पिकली असली तरी जंतू आत नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, आणि मग सगळंच मुसळ केरात. म्हणजे असं काही दिसलं तर ऑपरेशन पुढं. आधीचे काही दिवस तपासण्या होत्या, रक्त, दात, हृदय. रोज कडेगावहून एसटीने ये-जा करणं आईला झेपणारं नव्हतं. म्हणजे मुक्काम लॉजात. स्वच्छ कातडी आणि दवाखान्याजवळचं लॉज, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदायच्या हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते कुठे लॉजात राहतात.

निघायच्या आदल्या दिवशी काकी गाठोडं घेऊन आली.

हे गाठोडं काय ते सांगायला हवं. आमच्या आळीतलं कुणी ना कुणी कायम मिरजेला असतं. कुणाचा मुतखडा, कुणाचं बाळंतपण, कुणाचं हाड. त्यामुळे आळीचं मिळून एक गाठोडं झालं आहे. त्यात अंथरायला एक जाड वाकळ, चटई, थर्मास, तांब्या, दोरी, दोन ताटल्या. वाकळ म्हणजे जुनी लुगडी थरावर थर घालून हाताने टाचलेली गोधडी. आमच्याकडे तिला वाकळच म्हणतात. ज्याच्या घरी गाठोडं शेवटचं आलेलं असतं तो ते धुऊन, ऊन देऊन पुढच्या मिरजेला निघालेल्या घरी स्वतः नेऊन देतो. ते मागायचं नसतं आणि आणून दिलं तर नाही म्हणायचं नसतं.

काकी म्हणजे माझ्या आईची धाकटी जाऊ. तिची आणि आमची एकच भिंत, पण त्या भिंतीच्या दोन बाजूंना दोघी जणी वर्षानुवर्षं एकमेकींशी फक्त सणासुदीपुरतं बोलत. काकीच्या मुलीच्या लग्नात आईला मानाची साडी द्यायची राहून गेली होती. राहून गेली की दिली नाही, यावर अजून एकमत नाही. मग काका आजारी पडले, मिरजेला राहिले, आणि त्या मेच्या आधीच्या दिवाळीच्या तोंडावर तिथेच गेले. गाठोडं तेव्हा त्यांच्याबरोबर होतं. काकीने ते परत आणलं ते थेट माळ्यावर टाकलं. त्यानंतर आळीतले दोघे जण मिरजेला जाऊन आले, पण जिथं माणूस गेलं त्या घरी कोण आठवण करून देणार? ते आपापलं अंथरूण घेऊन गेले.

आणि आता काकी ते स्वतः घेऊन आमच्या सोप्यात, पुढच्या ओसरीत उभी. "आक्का, ह्ये ऱ्हाऊ दे तुमच्यासंगं. वाकळ मऊ हाय. लॉजावरच्या गादीवर पाठ लागत न्हाई."

आई चटकन उठली. म्हणजे तिच्या गुडघ्याला जेवढं चटकन जमतं तेवढं. "आण," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी घेतलं. काकी चहाला थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गेलेल्या माणसाबरोबरचं अंथरूण ऑपरेशनला निघालेल्या बाईने न्यावं का, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहात साखर घालायला आत गेले.

मिरजेत पहिल्या लॉजात गादी उचलताच ठिपके. दुसऱ्या लॉजात ठिपके नव्हते, पण वास होता. आई रिक्षात बसून राहिली होती, उन्हाने तिचा चेहरा उतरला होता. रिक्षावाला म्हणाला, "ताई, खोली बघताय का मुलगी?" तिसऱ्या लॉजात लोखंडी खाटा, रेक्झिनच्या गाद्या, भिंतीला नवा चुना. मी खाटा भिंतीपासून ओढून घेतल्या, पायांखाली पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या वाट्या ठेवल्या, खिडकीला घरून आणलेली जाळी चिकटपट्टीने लावली. मॅनेजर दारात उभा राहून बघत होता.

"आमच्यात ढेकूण न्हाई, ताई," तो म्हणाला. "येतंय ते गिऱ्हाईकच घिऊन येतंय."

"सगळे हेच म्हणतात," मी म्हणाले.

आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझ्या कसरती बघत होती. तिला लाज वाटत होती हे मला कळत होतं. दुसऱ्याच्या घरात असं हुंगत फिरणं तिच्या रीतीत बसत नाही, मग ते लॉज का असेना. शेवटी मी गाठोडं सोडलं आणि तिच्या खाटेवर वाकळ अंथरली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, गडद, फुलाफुलांचे, आणि त्यातून तपकिरीचा दणकून वास. काका तपकीर ओढायचे. मला एक शिंक आली. वाकळीखाली आणि वाकळीवर आणखी काही बघायचं मला सुचलं नाही. ती घरची होती. लॉजाच्या गादीपासून आईला वाचवायला आपल्या घरची वाकळ मध्ये आहे, या विचाराने मी उलट निर्धास्त झाले.

सकाळी आई माझ्या आधी उठून बसली होती. पायावर पदर ओढलेला. मी तो बाजूला सारला. उजव्या नडगीवर, घोट्याच्या जरा वर, एका ओळीत चाव्याच्या तीन लाल गांधी उठलेल्या.

मी खाली गेले आणि मॅनेजरला जे बोलले ते आता आठवायची इच्छा नाही. त्याने ऐकून घेतलं. खोली बदलून दिली, दुसऱ्या मजल्यावरची, कुणी फारसं न राहिलेली. मी परत खाटा ओढल्या, परत वाट्या, परत जाळी. आईला जिना चढताना दर पायरीला थांबावं लागलं, आणि वर पोचल्यावर ती म्हणाली, "बास कर गं आता. दमलीस." वाकळ मात्र तिने मला घडी करू दिली नाही, स्वतःच गुंडाळून काखेत मारून वर आणली. मला वाटलं, काकीची वस्तू म्हणून जपते आहे.

दिवसभर तपासण्या. बाकावर बसायचं, हाक आली की उठायचं, पुढच्या बाकावर बसायचं. मिरजेच्या दवाखान्यांतून बाकावर बसलेल्या माणसांची एक वेगळीच बसण्याची पद्धत असते, अंग सैल सोडून, फक्त कान ताठ. मी गांधींना मलम लावत होते, आईला "खाजवू नको" म्हणत होते. ती "न्हाई" म्हणायची, आणि झोपेत हात जायचा तो जायचाच.

दुसऱ्या खोलीतही तेच. पुढच्या सकाळी आणखी गांधी, यावेळी पोटरीवर, आणि पहिल्यांपैकी एकीला खाजवून पिवळं डोकं आलेलं. माझ्या खाटेवर मला एकही चावा नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. पण थकलेल्या माणसाचं डोकं एकाच दिशेने चालतं, आणि माझं मॅनेजरच्या दिशेने चाललं होतं. मी त्याला गादी बदलायला लावली. त्याने बदलली. खाटेच्या सांध्यांत औषध मारायला लावलं. त्याने मारलं. त्याचा चेहरा आता मला बघितलं की दुखणं आल्यासारखा व्हायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती व्हायला गेलो. नर्सने आईचा पाय उघडा केला, हातातली वही बाजूला ठेवली आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर वाकले, चष्मा वर केला, त्या पिवळ्या डोक्याभोवती बोटाने हलकेच दाबलं.

"आत्ता नाही करता येणार," ते म्हणाले. "हे पूर्ण बरं होऊ दे. कातडी स्वच्छ झाली की फोन करा, पुढची तारीख बघू."

मी त्यांना सांगायला लागले की भावाची रजा, माझी सुट्टी. त्यांनी शांतपणे ऐकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई खाटेवर पाय सोडून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, मला तेव्हा चीड आली होती म्हणून नीट आठवतं, दुःखापेक्षा संकोच जास्त होता.

लॉजवर परतलो तेव्हा खिडकीतून ऊन थेट तिच्या खाटेवर आलं होतं. मी आवराआवर करायला लागले. रागात माणूस घड्या फार चांगल्या घालतो. वाकळ ओढली, झटकली, आणि ती उन्हाच्या पट्ट्यात उलटी पडली.

टाक्यांच्या ओळीच्या ओळी काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या. लुगड्याच्या गडद फुलांत ते दिसले नव्हते. एका ठिगळाचा कोपरा मी नखाने वर केला, तर आतून मसुरीच्या डाळीएवढा एक, तट्ट फुगलेला, उजेडाला कंटाळून दुसऱ्या थरात शिरला. त्याच्यात माझ्या आईचं रक्त होतं.

मी काही बोलण्याआधीच मागून आई म्हणाली, "ठावं हाय मला."

मी वळून बघितलं. ती खुर्चीत बसून पायाला हात लावत होती, खाजवत नव्हती, नुसता हात.

"कधीपासून?"

"पैल्या सकाळपासनं. एक गावला हुता. चिरडला म्या."

"आणि सांगितलं नाहीस? मी त्या माणसाशी भांडतेय, खोल्या बदलतेय, तुला जिने चढायला लावतेय."

"सांगितलं आसतं तर तू ती खिडकीतनं खाली टाकली आसतीस."

टाकली असती. त्यात काही खोटं नव्हतं.

"निदान बाजूला ठेवायची. त्यावर झोपायचं कशाला?"

"बाजूला ठिवली तर तू इचारणार, का ठिवली. तुज्या नजरंतनं काय सुटतंय?" ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही. मग तिने वाकळीकडे हात केला. "वास बघ तिचा."

मी वास घेतला नाही. वास खोलीभर होता. त्या तपकिरीच्या वासाखाली दुसरा कुठलाही वास माझ्या नाकाला लागला नव्हता.

"धाकटीनं ती धुतली न्हाई," आई म्हणाली. "धुवायची आसती तर कवाच धुतली आसती. आळीत सगळी म्हनत हुती, टाकून दे, नदीला सोड. तिनं तशीच बांधून माळ्यावर ठिवली. घरात त्येंच्या वासाचं तेवढंच हाय आता. आन ती तिनं मला दिली. मला, गं."

मी वाकळीचा उलटलेला कोपरा सरळ केला.

"आन तिला कळलं तर?" आईचा आवाज बारीक झाला. "त्यास्नी शेवटाला बोलता येत न्हवतं. हातबी उचलत न्हवता. ती इथंच, ह्याच वाकळीवर निजवायची त्यास्नी. ढेकणं हायती म्हनल्यावर तिच्या मनात काय येईल? जन्मभर त्याच इचारात बसंल ती."

मला इतका राग आला होता की मला रडू येत होतं, आणि रडू येत होतं म्हणून आणखी राग. महिनोन्महिने उपाशी राहून त्या वाकळीत दबा धरून बसलेले ते किडे, दोन जावांचा मानपान, कुणाचा तरी वास, आणि या सगळ्यात माझ्या आईचा गुडघा. वर्षभर जुळवून आणलेली तारीख गेली होती, आणि ती जाताना आई बघत होती. गप्प बसून, पाय पुढे करून. मी तिला म्हणाले, "तुझ्या पायाचं काय मग?" ती म्हणाली, "पाय काय, दुखतोयच की रोज."

खाली पैसे चुकते करायला गेले तेव्हा मॅनेजर आमच्या खोलीतली गादी गच्चीत नेऊन काठीने बडवून आला होता, घामाघूम. खरं सांगायला आईने बंदी घातली होती. "तुमच्या गाद्या चांगल्या आहेत," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाठीमागच्या देवाच्या फोटोकडे बघितलं. 

गाठोडं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून आम्ही वडापच्या जीपने गावी आलो. ऑपरेशन का झालं नाही, म्हणून काकी लगेच विचारायला आली. आई न अडखळता म्हणाली, "साखर वाढली म्हणं." आईला आजतागायत साखर नाही. पण ही बातमी आळीत फिरली आणि घरोघरून कारली, मेथी, जांभळाच्या बियांची पूड येऊ लागली. काकी रोज दुपारी चहाला बोलवायची आणि आईला बिनसाखरेचा चहा द्यायची. आई तो कडू घोट घोट प्यायची आणि घरी येऊन गुळाचा खडा तोंडात टाकायची. भाऊ रजेवर आला, ऑपरेशन नाही म्हणून रजाभर उसाला पाणी पाजत राहिला, आणि परत गेला.

"वाकळ कुटं हाय?" काकीने एकदा विचारलंच.

"ऊन देतीया पोरगी," आई म्हणाली.

तेवढं खरं होतं. वाकळ धुवायची नाही, उकळायची नाही, औषध मारायचं नाही, ही आईची अट. म्हणजे उरलं फक्त ऊन. खताची काळ्या प्लास्टिकची दोन पोती एकात एक घालून त्यात वाकळ भरली, तोंड सुतळीने आवळलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर ठेवून दिलं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी त्या पत्र्यावर हात टेकवत नाही. मी शिडीने वर चढून रोज पोतं उलटायची, जिथून थर जाड तो भाग वर करायची. शेजारच्या अंगणातून काकी वर बघायची. "शेंगा वाळत घातल्याती व्हय गं?" मी म्हणाले, हो. "पोत्यात बांधून?"  खालून आईने सांगितलं, "तिचं साताऱ्याचं डोकं हाय, सोड."

आईचा पाय बरा होत आला. गांधी सुकल्या, पिवळं डोकं फुटून खपली धरली, खपली गळून पडली. मी म्हणत होते, आता दवाखान्याला फोन लावते. शाळा सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते. आई नाही म्हणायची. "आदी ती वाकळ तिच्या हातात पडू दे." मी चिडले, समजावलं, भावाला फोनवरून बोलायला लावलं. शेवटी हात टेकले. या बाईला स्वतःच्या गुडघ्यापेक्षा जावेची वाकळ मोठी, यापुढे काय बोलणार.

शेवटी एक दिवस पोतं खाली काढलं. अंगणात चादर पसरून वाकळ उघडली, टाक्या-टाक्यातून टॉर्च फिरवला. आतले सगळे वाळून कोंड्यासारखे झाले होते. मऊ ब्रशने एकेक शिवण झाडली. ठिपक्यांचे डाग ओल्या बोटानेसुद्धा पुसले नाहीत, तशी ताकीद होती. जिवंत काही उरलं नव्हतं याची मी पुनःपुन्हा खात्री केली. या कामात मला आता कुणी मागे टाकणार नाही.

मग मी वाकळीत तोंड घालून वास घेतला. तापलेल्या प्लास्टिकचा, युरियाचा, धुळीचा. तपकिरीचा वास मला काही सापडला नाही. ठिगळ बदलून बघितलं, आतला थर उचलून बघितला. माझं नाक, जे लॉजच्या खोल्या दारातूनच ओळखतं, त्याला काहीच लागेना.  आई पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.

"हाय का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने वाकळ माझ्या हातातून घेतली. मी धरू का, म्हटलं तर नको म्हणाली. एक पाय ओढत, भिंतीला हात लावत ती काकीच्या अंगणात गेली. मी मागोमाग. काकी सोप्यात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून उठली.

"घे गं तुजी वाकळ," आई म्हणाली. "लय उपेगी पडली."

काकीने घेतली. घडी चाचपली, उलटी केली. मग कुणाची लाज न धरता तिने त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. आईने खांबाला धरलं होतं. मी आईच्या पायाकडे बघत होते, कारण काकीकडे बघवत नव्हतं.

काकीने तोंड वर काढलं. डोळे भरले होते.

"धुतली न्हाईसा तुमी," ती म्हणाली.

"न्हाई."

"हाय अजून," काकी म्हणाली. "बारीक हाय, पन हाय."

तिने वाकळ छातीशी धरली आणि आत गेली.  मग आईने खांब सोडून माझ्या खांद्यावर हात टेकला, पूर्ण भार टाकून, जसा तिने आजवर कधी टाकला नव्हता.

"चल," ती म्हणाली. "लाव आता दवाखान्याला फोन. लय दुखतोय गं पाय."